अक्कांचा ताबा

मगदूम अक्कांच्या हातात कागद दिला, की त्या तो न बघता टेबलावर पालथा घालायच्या, त्यावर पाण्याचा स्टीलचा पेला ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता तोंडानं सांग." मी कामावर रुजू झालो तेव्हा माझं नेमणुकीचं पत्र असंच पेल्याखाली गेलं. कोरेगावहून एसटीने आलो होतो, इस्त्रीचा शर्ट होता, पत्र प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलं होतं. पेल्याच्या बुडाचा गोल डाग त्यावर अजून आहे. मला वाटलं, बाईंना वाचता येत नसावं. दुपारी पाहतो तर डबा खाताना त्या वर्तमानपत्र वाचत होत्या, लिलावाच्या जाहिरातींपर्यंत सगळं, आणि प्रत्येक बातमीशी भांडत होत्या.

सांगलीच्या वेशीबाहेर आमचा मसाल्याचा कारखाना. कांदा-लसूण मसाला, चटणी, हळद. अक्का कांडप विभागाच्या प्रमुख, म्हणजे मिरची कुटतात त्या खोलीच्या. त्या जैन घरातल्या. स्वतःच्या घरी चातुर्मासात कांदा-लसणाला हात लागायचा नाही आणि इथे दिवसभर त्याच वासात उभ्या. कुणी त्यावरून चिडवलं तर म्हणायच्या, "नाक नोकरीला लावलंय, जीभ न्हाई." ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, पदर खोचलेला, आणि आवाज असा की यंत्रं चालू असतानाही पलीकडच्या गोदामात ऐकू जावा. राग नाकाच्या शेंड्यावर. पण मी पाहिलेला त्यांचा प्रत्येक राग कुणाच्या तरी बाजूने असायचा.

कांडपाच्या खोलीत ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी अशा मिरच्या पडतात आणि हवेत तिखटाची भुकटी तरंगत राहते. मास्क, गॉगल सगळं असतं. तरी डोळे वाहतात, काचेवर वाफ धरते. त्या खोलीत कुणालाच नीट वाचता येत नाही. पूर्वी पाळी बदलताना भरायचा तक्ता लोक बाहेर चहा पिताना अंदाजाने भरायचे. एकदा तक्त्यात 'सर्व ठीक' होतं आणि आत यंत्राचा पट्टा सैल होता. तो सुटून एका बाईच्या मनगटावर बसला. ती बाई अक्काच. पुढे त्या विभागप्रमुख झाल्या आणि पहिलं काम त्यांनी केलं ते तक्ता बंद करण्याचं. "डोळ्याला जमत न्हाई ते कानाला द्या," त्या म्हणाल्या आणि ताबा सुरू केला.

सगळीकडे त्याला चार्ज देणं म्हणतात. अक्कांचा ताबा वेगळा होता. जाणाऱ्याने येणाऱ्याला घेऊन यंत्रांपाशी जायचं, प्रत्येक यंत्राची हालत तोंडाने सांगायची. येणाऱ्याने यंत्रावर हात ठेवायचा आणि ऐकलेलं सगळं परत म्हणून दाखवायचं. मान डोलावलेली चालायची नाही, 'हो हो' चालायचं नाही. "म्हटल्याबिगर ताबा होत न्हाई," हे त्यांचं वाक्य दिवसातून कितीदा तरी ऐकू यायचं. आणि ताबा झाल्याशिवाय नव्या पाळीने बटण दाबायचं नाही, मग मालक समोर उभा असला तरी. मी दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर. सुरुवातीला हे सगळं मला शाळेतल्या कवितेच्या पाठांतरासारखं वाटायचं, पण त्या खोलीत मी आल्यापासून पुन्हा कुणाला इजा झालेली नाही.

पहिल्या पाळीत विलास जाधव होता. कुंडलचा. शिडशिडीत, पळायला चपळ. गावातल्या इतर पोरांबरोबर सैन्यभरतीला गेला, पळण्याचं ग्राउंड काढलं, लेखी पेपरात नापास झाला. पुन्हा गेला, पुन्हा पेपरातच गेला. अक्षरं त्याला ओळखीची होती, पण ओळ वाचायला घेतली की ती त्याच्यापुढे स्थिर राहत नसे. एवढीशी सूचना वाचायला त्याला इतका वेळ लागायचा, की शेजारचा वैतागून त्याच्या हातातून कागद ओढून घ्यायचा. शाळेत मास्तरांनी त्याला मारलं होतं, ते तो हसत सांगायचा. मला ते हसणं आवडायचं नाही. कांडपात मात्र त्याला कुणी कागद देत नव्हतं, त्यामुळे तिथे तो इतरांसारखाच एक कामगार होता. बरा कामगार. कधी उशिरा यायचा, कधी गप्पांत रमायचा, अक्कांच्या शिव्या खायचा.

अक्कांनीच त्याला मिरजेला एका डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी दोन-तीन वेळा बोलावून तपासलं आणि डिस्लेक्सिया असं नाव सांगितलं. बुद्धी चांगली आहे, डोळे चांगले आहेत, मेंदू लिहिलेल्या अक्षरांशी वेगळ्या रीतीने झटतो, लहानपणापासून आहे, यात त्याचा आळस नाही, असं समजावलं.  परत आल्यावर विलास म्हणाला, "म्हंजे अक्का, मी ढ न्हाई."

मला भरून आलं. अक्का उखडल्या. "ढ असतास तर काय झालं असतं रं? काम करत हुतास न्हवं? ढ माणसानं जेवायचं न्हाई व्हय?"

मी एकदा त्यांना विचारलं होतं, की तुमच्या घरात असं कुणी आहे का, भाऊ, भाचा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कदम, तुझ्या घरात कुणी आंधळं हाय? न्हाई न्हवं? मग रस्त्यात आंधळा दिसला तर ढकलून देतोस काय त्याला?" पुन्हा मी असला प्रश्न विचारला नाही.

मग कारखाना विकला गेला. पुण्याच्या एका कंपनीने घेतला. त्यांचा साताऱ्याकडे आधीच एक कारखाना होता, स्ट्रॉबेरीचं सरबत आणि जॅम करणारा. तिथून सबनीस साहेब आमचे प्रमुख होऊन आले. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहितो, कारण वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. सबनीस साहेब गोड बोलायचे, सगळ्यांच्या वाढदिवसाला केक आणायचे. अक्कांनी त्यांचा पहिला कागद पेल्याखाली घातला तेव्हा त्यांनी फार समजुतीने विचारलं, "बाई, मी वाचून दाखवू का?" अक्का म्हणाल्या, "वाचता मलाबी येतंय. तुमाला सांगता येतंय का बघत हुते."

साहेबांनी प्रत्येक खोलीत तक्त्यासाठी टचस्क्रीनचे पडदे बसवले, बोटाने टिचकी मारून भरायचे. कांडपातल्या पडद्यावर तासाभरात भुकटी बसायची आणि लोक बाहेर येऊन पूर्वीसारखंच अंदाजाने काहीतरी भरायचे. ताबा चालूच होता, त्यामुळे ते एक वेळ चाललं असतं. पण पाठोपाठ आली परीक्षा. जे कंत्राटावर आहेत त्यांना कायम करायचं, त्यासाठी लेखी पेपर. दोनदा नापास होईल त्याचं कंत्राट पुढे वाढणार नाही. विलास इतकी वर्षं कंत्राटावरच होता. नुकतं लग्न झालेलं, बायकोला दिवस गेलेले.

पहिला पेपर झाला. जेवणाच्या हॉलमध्ये सगळे खाली मान घालून लिहीत होते, मी देखरेखीला होतो. विलासने पहिल्याच प्रश्नावर बोट ठेवलं आणि ते बोट तिथून हललंच नाही. त्यातल्या एकेका प्रश्नाचं उत्तर तो रोज ताब्यात तोंडाने सांगायचा. वेळ संपली तेव्हा त्याने कागद माझ्या हातात दिला आणि हसला, मास्तरांचा मार सांगताना हसायचा तसाच. दुसऱ्या दिवशी अक्कांना म्हणाला, "जातो मी. कुंडलला चुलत्याचं द्राक्षाचं रान हाय, तितं बघतो. कशाला तुमाला ताप." अक्कांनी त्याला तिथल्या तिथे झापलं. "तू जाशील रं, सुटशील. तुज्या मागनं असलाच दुसरा यील, त्याला कोण सांगणार, की इतं जागा हाय म्हणून? गप काम कर."

त्या साहेबांकडे गेल्या तेव्हा मला साक्षीदार म्हणून सोबत घेतलं. मागणी एकच होती. विलासची परीक्षा तोंडी घ्या. तेच प्रश्न, तेवढेच गुण, फक्त वाचून दाखवा आणि त्याचं उत्तर लिहून घ्या. साहेब हळहळले. "मला सहानुभूती आहे बाई. पण उद्या सगळेच तोंडी मागतील."

"मागू द्या. ज्याला येतंय त्यो तोंडीबी सांगंल."

साहेब म्हणाले, सरकारी प्रमाणपत्र आणा, मग वर विचारतो. विलास आणि मी प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात गेलो. कायद्यात हे अपंगत्व म्हणून लिहिलेलं आहे, डॉक्टरबाईंनीच सांगितलं होतं. एका खिडकीवरून दुसरीकडे, तिथून वरच्या मजल्यावर, तिथून पुन्हा खाली. शेवटी एकजण म्हणाला, "हे शाळेतल्या मुलांना देतात. एवढा बाप्या झाला, आता कशाला पाहिजे?" जसं काही अठरा वर्षं पूर्ण झाली की अक्षरं आपोआप जागेवर बसतात. वर तो विलासला म्हणाला, हा अर्ज वाचून भर. मी त्या माणसाला काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. आजही आठवलं की डोकं तापतं.

रिकाम्या हाताने परत आलो तेव्हा साहेबांनी आपल्या परीने वाट काढली. म्हणाले, "त्याच्यात काही खास आहे का? अशा लोकांत कधीकधी विलक्षण गुण असतात म्हणे. वास ओळखणं, स्मरणशक्ती, असं काही? मग मला हेड ऑफिसला सांगता येईल, की हा माणूस जाऊ देणं परवडणार नाही."

अक्का खुर्चीतून उठल्या. मी त्यांना इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं आणि आवाज मात्र खाली आला होता. "काय बी खास न्हाई त्याच्यात. त्यो साधा हाय. तुमी साधं, मी साधी, ह्यो कदम तर लयच साधा. आमाला खास असल्याबिगर ऱ्हायला मिळतंय. त्यालाच तेवढं जादू करून दाखवाय लागतीय व्हय? सर्कस हाय ही?"

साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय." दुसऱ्या पेपरची तारीख लागली.

पेपराच्या आदल्या दिवशी दुपारी मी पाळीवर आलो. उन्हाळ्याचे दिवस, वर्षाच्या चटणीचा हंगाम, पोती छतापर्यंत रचलेली. पहिल्या पाळीची यंत्रं नुकतीच थांबली होती, भुकटी अजून हवेत होती. ताबा विलासने द्यायचा होता, पण यंत्रांपुढे अक्का स्टूल टाकून बसल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे एक नंबरच्या यंत्रावर हात ठेवला आणि वाट पाहिली.

"आज ताबा देत न्हाई," अक्का म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ताब्याशिवाय बटण दाबायचं नाही, हा नियम माझ्या अंगात असा भिनला होता, की माझा हात आपोआप खाली आला. माझ्या पाळीची माणसं दारात थांबली. पहिल्या पाळीचंही कुणी घरी गेलं नाही, कारण ताबा दिल्याशिवाय जायचं नाही हाही त्याच नियमाचा दुसरा भाग. घोषणा नाही, फलक नाही. कुणी मागणीचं निवेदन लिहिलं नाही. कांडप थांबलं, थोड्या वेळाने भाजणी थांबली, मग भरणीच्या खोलीतल्या बायका हात पुसत बाहेर आल्या.

वरून फोन आला. मी सांगितलं, "साहेब, मला ताबा मिळालेला नाही." साहेब स्वतः धावत खाली आले, तसेच, मास्क नाही, गॉगल नाही. आत पाऊल टाकलं आणि खोकल्याची उबळ आली. डोळ्यांतून धारा लागल्या. अक्का स्टुलावरून उठल्या. त्यांच्या हातात पहिल्या परीक्षेचा पेपर होता. त्यांनी तो साहेबांच्या हातात दिला. अक्कांनी पालथा न घातलेला तेवढाच कागद मी पाहिला.

"वाचा."

"बाई, हे काय चाललंय... आधी मशीन सुरू करा."

"पैला प्रश्न वाचा. मोठ्यानं. सगळी माणसं ऐकाय उभी हायत."

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, बाहीने डोळे पुसले. बाहीवर मिरचीची भुकटी बसली होती की काय, त्यांची अवस्था आणखी बिकट झाली. पहिले दोन शब्द कसेबसे बाहेर आले. कुणी हसलं नाही. अक्कांनीही हसू दिलं नसतं.

"सायेब, तुमाला अक्षर येतंय. तुमी हुशार हाय. खरं आत्ता तुमच्यानं वाचवंना. आता तुमाला कामावरनं काढू?"  अक्कांनी कोपऱ्यातली पाण्याची कळशी पुढे केली. "डोळं धुवा. चोळू नका. तुमी बाहेर गेला की घटकाभरात बरं हुईल. त्याच्या डोळ्याम्होरं जलमभर ह्येच हाय. त्याला बाहेर जायाला दारच न्हाई."

साहेब डोळे धुऊन वर गेले. त्यांचं मन पालटलं असं मला लिहायला आवडलं असतं, पण मला तसं वाटत नाही. त्यांना हंगामातलं थांबलेलं कांडप दिसत होतं. संध्याकाळ व्हायच्या आत निरोप आला, परीक्षा तोंडी होईल. अक्कांनी निरोप्याकडून तो दोनदा म्हणवून घेतला. मग विलासने मला ताबा दिला, मी तो म्हटला आणि बटण दाबलं. अक्कांच्या नावाने मेमो आला, तो पेल्याखाली गेला.

विलास पास झाला. काठावर. एका सोप्या प्रश्नाचं उत्तर त्याने साफ चुकवलं, कारण अभ्यासच केला नव्हता, आणि त्याबद्दल अक्कांनी त्याला महिनाभर बोलून घेतलं. पण तो कायम झाला. मला वाटलं, संपलं.

कंपनीने मात्र त्याला सोडलं नाही. एके दिवशी फोटोवाला आला, विलासला ओंजळीत मिरच्या धरून हसायला सांगितलं. काही दिवसांनी फाटकाशेजारी विलासचा माणसाएवढा फोटो छापलेला कापडी फलक लागला, खाली इंग्रजीत चार ओळी. येता-जाता लोक त्याची पाठ थोपटायचे. अक्कांनी फाटकातच त्याला थांबवलं. "काय लिवलंय रं तुज्याबद्दल?" त्याला माहीत नव्हतं. कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. ज्याला वाचायला त्रास होतो म्हणून फोटो लावला, त्याच्याच नावाखालचा मजकूर त्याला वाचून दाखवावा, हे एवढ्या शिकलेल्या कंपनीत एकालाही सुचलं नव्हतं. अक्का माझ्याकडे वळल्या. मी वाचून मराठीत सांगितलं, की अडचणीवर जिद्दीने मात करणारा आमचा विलास, कंपनी सदैव त्याच्या पाठीशी.

विलासने ऐकून घेतलं. "मात कुणावर केली म्हणायची? ह्यांच्यावरच न्हवं?"

अक्कांनी त्याला विचारलं, "ठेवायचा काय काढायचा?" तो म्हणाला, काढा. अक्कांनी सुतळ्या सोडल्या, फलकाची गुंडाळी केली आणि साहेबांच्या दारात नेऊन उभी केली. आणखी एक मेमो आला. तोही पेल्याखाली.

त्या निवृत्त झाल्यानंतर ताबा कंपनीच्या साताऱ्याकडच्या कारखान्यातही सुरू झाला. मला त्या बैठकीला बोलावलं होतं. मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवत एक तरुण अधिकारी सांगत होता, की ऐकून आणि परत म्हणून काम सोपवण्याची ही पद्धत आमच्या टीमने विकसित केली आहे, वाचनात अडचण असलेल्या कर्मचाऱ्यांना तिचा फार उपयोग होतो. मी उठून विचारलं, टीममध्ये कोण कोण होतं. तो गोंधळला. मी म्हटलं, "कुसुम मगदूम. म्हणा." त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मी बसलो नाही. शेवटी त्याने ते नाव म्हटलं, पण पडद्यावर ते कधी आलं नाही. हे सगळं सांगायला सुट्टीच्या दिवशी अक्कांच्या घरी गेलो, तर त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "नाव ऱ्हाऊ दे. म्हणवून घेत्यात का, ते सांग. का नुसती मान हलवत्यात?"

गेल्या फाल्गुनात दुपारी मी पाळीवर आलो. विलास आता पहिल्या पाळीचा मुख्य कामगार. मला घेऊन तो यंत्रांपाशी गेला. एक नंबरवर मी हात ठेवला.

"एक नंबर बरा हाय. दोन नंबरचा पट्टा सैल झालाय, मिस्त्रीला बोलावलंय, त्यो येस्तवर लावू नका. तीन नंबरला ब्याडगी चाललीया. संकेश्वरीची पोती ओली आल्यात, येगळी ठेवल्यात." तो थांबला. मास्कमुळे त्याचं तोंड दिसत नव्हतं. "अक्का गेल्या. सकाळी, घरी. झोपेतच."

मी म्हणायला सुरुवात केली. एक नंबर बरा आहे. दोन नंबरचा पट्टा सैल, मिस्त्री येईपर्यंत लावायचा नाही. तीनवर ब्याडगी. संकेश्वरी ओली, वेगळी ठेवली आहे. तिथे मी थांबलो आणि मान हलवली.

"म्हणा," विलास म्हणाला.

"विलास, राहू दे."

"म्हणा, कदमसायेब. म्हटल्याबिगर ताबा होत न्हाई."

मला त्याचा राग आला, अक्कांचा आला, असला नियम करून ठेवून स्वतः निघून गेल्याचा आला. माझी माणसं दारात उभी होती. यंत्रं बंद होती. विलास माझ्याकडे बघत होता आणि त्याला घाई नव्हती.

"अक्का गेल्या," मी म्हटलं.

तो यंत्रापासून बाजूला झाला आणि मी बटण दाबलं.